बाजेएवढ्या उंचीची गाडी

३ फेब्रुवारी, सोमवार

आज पोस्टमनने लायसन्स आणून दिलं. फोटोत मी पाकीटमारासारखी दिसते, पण नाव बरोबर आहे. रेबेका एलिया चक्रनारायण. वय सत्तेचाळीस.

बावीस वर्षं एसटीत कंडक्टर आहे. बावीस वर्षं ड्रायव्हरच्या पाठीमागे उभी राहून लोकांना 'पुढे सरका' म्हणत आले आणि आता स्वतः पुढे सरकले. शिकवलं ते वैजनाथमामांनी. माझ्या फेरीवर ड्रायव्हर असतात, पुढच्या वर्षी रिटायर होतील. सुट्टीच्या दर सोमवारी आमच्या सोनईच्या बाजारतळावर, त्यांच्या पुतण्याची जुनी गाडी घेऊन.

परीक्षेच्या दिवशीची गंमत घरात सांगितलेली नाही, इथे लिहून ठेवते. साहेब शेजारी बसले, म्हणाले, "चला." मी इंजिन चालू केलं, गिअर टाकला आणि थांबले. साहेब माझ्याकडे बघतायत, मी समोर बघतेय. मग ध्यानात आलं की मी घंटीची वाट बघत होते. एसटीत एक घंटी म्हणजे थांबा, दोन घंट्या म्हणजे चला. दोन घंट्यांशिवाय गाडी हलत नाही आणि त्या द्यायचं काम माझं. शेवटी डॅशबोर्डवर बोटाने दोनदा टकटक केलं आणि निघाले. साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण पास केलं.

घरात आम्ही चौघं. सासूबाई दगडाबाई, वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही गुडघे गेलेले. मुलगी एंजेला, नगरला नर्सिंग करते, होस्टेलवर असते. यजमान एलिया, हायस्कुलात क्लार्क. तोंडावर मी त्यांना 'अहो' म्हणते. वहीत मात्र एलिया. वही माझी आहे.

आणि एक गोष्ट सरळ लिहिते, कारण मोठ्याने म्हणायचा धीर अजून होत नाही. यंदा घरात गाडी यायची आहे. ती मला चालवायची आहे. शेजारी बसून रस्ता दाखवायचा नाही, मागे बसून डबा सांभाळायचा नाही. चालवायची आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

चर्चहून आल्यावर एलियाने जेवताना जाहीर केलं की ईस्टरच्या उपासनेला आपण आपल्या गाडीने जाणार. कोणती गाडी तेही ठरवून मोकळा झालाय. मोठी, पांढरी, उंच आणि ऑटोमॅटिक. पत्रकातला फोटो आमटीच्या पातेल्याला टेकवून ठेवला होता. क्लच नाही, गिअर नाही, नुसता पाय ठेवायचा.

मी म्हणाले, "अहो, पण मी गिअरची शिकले."

"शिकलेलं वाया जात नसतं गं. आता सगळं जग ऑटोमॅटिकवर आलंय."

सासूबाई भाकरी कुस्करता कुस्करता म्हणाल्या, "मला तेच्यात चढाया आलं पायजे. मंग तिला गेर असू, न्हाईतर बैलं असू."

एलियाकडे पंधरा वर्षांपासून लायसन्स आहे, पण त्याला गाडी चालवायचा सोसच नाही. कुणाचीही गाडी मिळाली तरी हा मागे जाऊन बसतो. म्हणतो, चालवणाऱ्याला रस्ता बघायला मिळत नाही. असतो एकेकाचा स्वभाव. मग एवढी मोठी गाडी हवी कशाला, तर शाळेत मिरवायला. पुरुषांचं हे असंच.

त्या पांढरीचं नाव मी 'नवरदेव' ठेवलंय. तिच्या तोंडाला मुंडावळ्या बांधायच्या तेवढ्या बाकी आहेत.

१२ फेब्रुवारी, बुधवार

घोडेगावला आमची एसटी दहा मिनिटं थांबते. चहा पिताना वैजनाथमामांना सगळं सांगितलं. त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकून गार केला. मग म्हणाले, "बाई, गाडी घ्यायची ती कंडक्टरसारखी घ्या, चालवायची ती डायवरसारखी चालवा."

"म्हणजे?"

"म्हंजी मागल्या शिटावर बसल्याबिगर पैसं दिऊ नका. म्होरं बसून समद्याच गाड्या गोड लागत्यात. अन् चालवताना कान दिऊन ऐकू नका, पाय दिऊन ऐका. चांगली गाडी पायाला सांगती, मी आता निघाले म्हणून."

मागच्या सीटचं मला कुणी शिकवायला नको. शेवटच्या बाकावरच्या म्हातारीला कुठल्या खड्ड्यात उलटी होणार, हे मी तिचं तोंड बघून सांगते.

संध्याकाळी घरी आल्यावर एक काम केलं. सासूबाई खुर्चीतून उठताना दोन माणसं लागतात, पण त्यांच्या बाजेवरून त्या एकट्या उठतात. बाज बरोब्बर त्यांच्या गुडघ्यांच्या मापाची आहे. मी सुतळी घेतली, जमिनीपासून बाजेच्या विणीपर्यंत मोजली आणि तिथे गाठ मारली. ज्या गाडीची सीट या गाठीला येईल ती गाडी. सुतळी तिकिटाच्या मशीनशेजारी बॅगेत ठेवली आहे.

१७ फेब्रुवारी, सोमवार

नगरला नवरदेव बघायला गेलो. शोरूममधल्या निकिता नावाच्या मॅडम चांगल्या आहेत, एंजेलापेक्षा पाचसहा वर्षांनी मोठ्या असतील. त्यांच्या आणखीही गाड्या आहेत, त्या दाखवीन म्हणाल्या. मी बॅगेतून सुतळी काढून सीटला लावली तेव्हा हसल्या नाहीत. एलिया मात्र दूर जाऊन रंगांचा तक्ता बघत बसला.

गाठ सीटच्या वीतभर खाली राहिली. सासूबाईंना पायरीवर चढवून, मग आत ढकलून बसवावं लागलं. बसल्यावर म्हणाल्या, "ह्याच्यात बसायचं म्हंजी उसाच्या टरालीत बसल्यावानी हाय."

एलियाने सपाट रस्त्यावर चालवून बघितली. हात सारखे पँटला पुसत होता. गाडीचा एसी बरोबर नसावा, तीही एक खोटच. सासूबाई मागे डोळे मिटून स्तोत्र पुटपुटत होत्या. त्यांची भक्ती मोठी. एसटीत मात्र कधी म्हणत नाहीत, खिडकीतून बाहेर बघत शेंगा खातात.

मी मागे बसले होते. प्रत्येक गतिरोधकाला डोकं या खांद्यावरून त्या खांद्यावर. मग मीही चालवली. पाय ठेवला की जाते, उचलला की थांबते. चूक करायला जागाच नाही, म्हणून बरोबर केल्याचं सुखही नाही. उतरले तेव्हा मनात काहीच उरलं नव्हतं.

एलिया खूश आहे.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज सात जणांची बघितली. नाव 'वऱ्हाड'. तिसऱ्या ओळीत कोंबडी बसेल, तीही अंडं न घालणारी. ती ओळ उघडली की डिकी संपते, मग एंजेलाची ट्रंक मांडीवर घ्या. आपण चारच माणसं आहोत, असं मी म्हटलं तर एलिया म्हणतो, पाहुणे येतात. पाहुणे एसटीने येतात, आणि त्यांची तिकिटं मी फाडते.

१० मार्च, सोमवार

मिळाली.

राखाडी रंगाची आहे, दिसायला काही विशेष नाही. रस्त्यात उभी केली तर कुणी मान वळवून बघणार नाही. मी सुतळी लावली आणि गाठ सीटच्या कडेला टेकली. सासूबाईंनी दाराची कड धरली, पाठ वळवली, बसल्या आणि एकेक पाय आत घेतला. कुणीही हात लावला नाही. बसल्या बसल्या त्यांनी सीटवरून हात फिरवला, घरी बाजेवर फिरवतात तसा.

डिकीत ट्रंक मावेल, वर कांद्याची गोणी. मागच्या सीटवर मी बसले तेव्हा निकिता मॅडमनी मुद्दाम खराब रस्त्याने नेली. डोकं जागेवर राहिलं.

मग मी चालवायला घेतली. आता हे कसं लिहू. क्लच हलका आहे, पण पोकळ नाही. अर्ध्यावर आला की तळपायाला बारीकसं कळतं, मामा म्हणाले होते तसं. तिसऱ्या गिअरमध्ये वळण घेतलं तर गाडी माझ्या मनात आलं तिथूनच वळली, ना आधी ना नंतर. एसटीत मी वळणावर दांडा धरते. इथे पकडायला काही नको होतं, कारण वळण माझ्याच हातात होतं. मी हसत होते, हे मला आरशात दिसलं तेव्हा कळलं.

परत आल्यावर एलियाला विचारलं, "कशी वाटली?"

"बरी आहे. पण गिअरची आहे." मग निकिता मॅडमना म्हणाला, "हिच्यात ऑटोमॅटिक येते का?"

येत नाही. त्याचा चेहरा पडला. मी म्हटलं, तुम्ही चालवून तर बघा, तर म्हणे आज कंबर धरलीय. त्याची कंबर शोरूममध्येच बरी धरते.

११ मार्च, मंगळवार

भांडण झालं. आमच्यात भांडण म्हणजे तो गप्प बसतो आणि मी भांडी घासते.

मी विचारलं, राखाडी का नको, एक कारण सांगा. बाज जमली, डिकी जमली, किंमतही नवरदेवापेक्षा कमी. तो म्हणाला, "तुला सगळं जमतं म्हणून सगळ्यांना जमलं पाहिजे का?" याचा अर्थ मला लागेना. मी कुठे त्याला काही जमत नाही म्हणाले?

ड्यूटीवर दिवसभर मनात तेच. कदाचित मीच हट्टी आहे. सत्तेचाळीस वर्षांच्या बाईला गिअर हलवायची हौस, म्हणून घराने मन मारायचं का? देवळातल्या आणि चर्चमधल्या सगळ्या बायकांना विचारलं तर म्हणतील, नवरा मोठी गाडी घेतोय, तू रडतेस कसली. पण नवरदेव आला तर तो दारात उभा राहील आणि मी लग्नापुरती त्यात मागे बसेन, हे मला स्वच्छ दिसतं. मला ते नको आहे. नको म्हणजे नको.

२४ मार्च, सोमवार

दुपारी निकिता मॅडमचा फोन. "मॅडम, पाडव्याला सरांचं पांढऱ्या गाडीचं बुकिंग घेतेय, कागद कुणाच्या नावाने करू?"

मला काहीच माहीत नव्हतं. फोन ठेवून मी पायरीवर बसले. इतका राग गेल्या कित्येक वर्षांत आला नव्हता.

रात्री जेवताना त्याच्यासमोर बोलले. "पाडव्याला करा बुकिंग, मी आडवी येणार नाही. पण त्याच्या आधी राखाडी एकदा इमामपूरच्या घाटात न्यायची. आपण सगळे बसून. घाटात ती कमी पडली, तर मी तोंड उघडणार नाही." आपल्याला नगरला जायचं तर तो घाट चढावाच लागतो, तेव्हा माझं बोलणं रास्तच होतं.

एलिया अर्ध्या ताटावरून उठला. एवढा राग? सासूबाई मला म्हणाल्या, "घाटाचं नाव कशाला काडलंस गं," आणि भिंतीकडे तोंड करून पडल्या.

सगळे एकीकडे आणि मी एकीकडे.

२९ मार्च, शनिवार

आजचं आजच लिहिणार.

रजा टाकली होती. एंजेला होस्टेलवरून आली. नगरहून आम्ही चौघं आणि निकिता मॅडम, पाच माणसं राखाडीत. घाट उतरताना एलियाच म्हणाला, "मॅडम, तुम्ही चालवा, मी इंजिनाचा आवाज ऐकतो." खाली पोचल्यावर निकिता मॅडमनी किल्ली माझ्यापुढे धरली. आणि इथे मी शहाणपणा केला. म्हटलं, "मी चालवलीय. आज यांना द्या." मला खरंच वाटलं होतं की एकदा ही गाडी त्याच्या हातापायांना कळली की वाद संपेल.

तो म्हणाला, "तूच चालव."

"नाही. तुम्ही."

एंजेला म्हणाली, "पप्पा, बसा ना." तो बसला. मी त्याच्या शेजारी. मागे सासूबाईंचं स्तोत्र सुरू झालं.

निम्म्या चढापर्यंत ठीक होतं. पुढे एक कांद्याचा ट्रक बंद पडला होता, त्यामुळे रांग लागली. आम्ही ऐन चढावर थांबलो, मागे दुधाचा टेम्पो अगदी चिकटून. रांग दहा हात हलली. एलियाने ब्रेक सोडला, क्लच सोडला, इंजिन बंद पडलं आणि गाडी मागे आली. पुन्हा चालू केली, पुन्हा बंद. पुन्हा मागे, हातभर, दोन हात. टेम्पोवाला हॉर्न दाबून बसला होता. एलियाचे दोन्ही पाय ब्रेकवर होते आणि तरी त्याला वाटत होतं की गाडी सरकतेय. "जाती, जाती, मागं जाती," एवढंच म्हणत होता.

मी विचार केला नाही. घाटात एसटी मागे आली की कंडक्टर विचार करत नाही, उडी मारतो आणि चाकामागे दगड लावतो. बावीस वर्षांत किती वेळा लावला असेल. मी दार उघडलं, कठड्याजवळचा चांगला मोठा दगड उचलला आणि मागच्या चाकाला घट्ट लावला. टेम्पोवाल्याला हात करून थांबवलं. सरळ उभी राहिले तेव्हा काचेतून एलियाचं तोंड दिसलं.

ते तोंड मी ओळखते. आतडी पिळवटलेल्या, पण चारचौघांत सांगायची लाज वाटणाऱ्या प्रवाशाचं तोंड. असल्या माणसासाठी मी किती वेळा घंटी देऊन गाडी थांबवलीय, कुणी काही न बोलता.

त्याच्या बाजूला गेले. त्याने काच खाली केली. "रेबेका, मला येत नाही."

"कळलं. उतरा."

तो उतरला. मला वाटलं मागे जाऊन बसेल. तो चाकाजवळ जाऊन वाकला आणि म्हणाला, "मी दगड काढतो. तू घे."

मी बसले. दगड निघाला की गाडीला धरून ठेवणारा फक्त माझा पाय आणि हाताचा ब्रेक, आणि गाडीमागे माझा नवरा वाकलेला. आयुष्यात इतकी काळजी कधी वाटली नव्हती. क्लच हळूहळू वर आणला. तळपायाला ती कुजबूज आली. थोडं आणखी. गाडीचं नाक किंचित उचललं. हाताचा ब्रेक सोडला आणि "काढा" म्हणाले. त्याने दगड काढला. गाडी बोटभरही मागे आली नाही. जागच्या जागी उभी राहिली आणि मग पुढे निघाली.

तो कडेकडेने चालत आला आणि पुढे रांग थांबली तिथे दार उघडून बसला. त्या रांगेत मी आणखी अकरा वेळा थांबले आणि अकरा वेळा निघाले. मोजत होते. सातव्यापासून भीती गेली आणि गोडी लागली. नवव्याला मला वाटलं, हा ट्रक थोडा वेळ बंदच राहू दे.

माथ्यावर गाडी बाजूला घेतली. सासूबाईंचं स्तोत्र केव्हाच थांबलं होतं. एंजेला माझ्या खांद्यावर हनुवटी ठेवून बसली होती. निकिता मॅडम म्हणाल्या, "आमच्याकडे लोकांना गाड्या दाखवायला याल का मॅडम? पगार बरा देतात."

एलिया खिडकीतून बाहेर बघत होता. मी त्याच्या हातावर हात ठेवला. त्याने काढून घेतला नाही.

३० मार्च, रविवार, पाडवा

गावात गुढ्या उभ्या राहिल्या, शेजारच्या छबूबाईंनी श्रीखंड दिलं. आमच्या घरात आज नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट बाहेर आली.

त्या वेळी मी ड्यूटीवर होते. एलिया माझ्या भावाची गाडी घेऊन आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेत होता. त्याच घाटात, तशाच रांगेत, गाडी मागे आली आणि मागच्या टेम्पोला लागली. कुणाला खरचटलंही नाही. पण चार माणसं जमली, एकजण हसून म्हणाला, येत नाही तर कशाला घेतो. मग त्या टेम्पोवाल्यानेच गाडी चढवून दिली. मायलेकांनी मला सांगितलं होतं की पार्किंगमध्ये कुणीतरी धक्का दिला.

"म्या नऊ वर्सं त्वांड शिवून बसले," सासूबाई म्हणाल्या. "तेनं शपथ घातल्ती. पण तेनं गाडीला हात लावला की माजं काळीज लकलक करायचं. मंग देवाला हाक मारायची, दुसरं काय करनार?"

मी ही वही मागे उलटून वाचली. कंबर, पँटला पुसलेले हात, मागची सीट, स्तोत्र. सगळं मीच लिहिलंय आणि मलाच दिसलं नाही. वर 'पुरुषांचं हे असंच' म्हणून मोकळी. शेवटच्या बाकावरच्या म्हातारीचं पोट ओळखणारी बाई मी, आणि शेजारच्या बाजेवरचा माणूस मला ओळखता आला नाही. लाज वाटली.

म्हणून एलियाला म्हणाले, आणि मनापासून म्हणाले, "आपण ऑटोमॅटिक घेऊ. ती मागे येत नाही. तुम्हाला बिनघोर चालवता येईल." म्हणताना राखाडीच डोळ्यांपुढे होती, तेही लिहून ठेवते.

त्याने श्रीखंडाची वाटी बाजूला सारली. मग म्हणाला, "मला राखाडी नको होती असं नव्हतं. बाप्या असून येत नाही, हे तुला दिसायला नको होतं. एवढ्यासाठी मी पांढरा डोंगर दारात आणून उभा करणार होतो. काल दिसलं. दिसलं तर काय झालं? तू दगड लावलास." आणि पुढे म्हणाला, "राखाडी घेऊ. घाटात तू हसत होतीस. इतक्या वर्षांच्या संसारात तुला असं हसताना मी बघितलं नव्हतं."

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. मग येऊन निकिता मॅडमना फोन केला. कागद कुणाच्या नावाने, हे त्याने फोन माझ्या हातातून घेऊन सांगितलं. "रेबेका चक्रनारायण. सगळं नाव लिहा."

८ एप्रिल, मंगळवार

गाडी शनिवारी एकोणीस तारखेला मिळणार. छबूबाई विचारून गेल्या, चाकाखाली लिंबू ठेवायचं ना? मी म्हटलं, आमच्यात पाळकसाहेब प्रार्थना करतात. सासूबाई आतून म्हणाल्या, "ठिवू दे गं एक लिंबू. ती मायेनं आनती."

वैजनाथमामांनी बातमी ऐकून एवढंच विचारलं, "मागं बसून बघितली नव्हं?" बघितली म्हटलं. "मंग बास."

१९ एप्रिल, शनिवार

आली. प्रार्थनाही झाली, लिंबूही झालं. शोरूममध्ये फोटोसाठी पुठ्ठ्याची हातभर लांब किल्ली देतात. फोटोवाला ती सवयीने एलियाच्या हातात द्यायला लागला. एलियाने दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि म्हणाला, "ड्रायव्हर त्या आहेत."

नगर ते सोनई मी चालवत आणली. हायस्कूलपाशी एलियाने काच खाली करून ओळखीच्या प्रत्येकाला हाक मारली. मिरवायची हौस होती ती होतीच म्हणायची. पण तो बायकोला मिरवत होता.

२१ एप्रिल, सोमवार

काल ईस्टरच्या उपासनेला आपल्या गाडीने गेलो. सासूबाई बाजेवरून उठतात तशा उतरल्या, चर्चच्या दारात सगळ्यांनी बघितलं.

आज माझी सुट्टी. एंजेलाला होस्टेलवर सोडायला सासूबाईंसकट सगळेच निघालो, एलियाने शाळेतून अर्धी रजा घेतली. घाट मोकळा होता. दुसऱ्या गिअरमध्ये पहिलं वळण, तिसऱ्यात पुढचा चढ, पुन्हा दुसरा. गाडी कुठेही दमली नाही, मीही नाही. एलिया शेजारी बसून समोर बघतच नव्हता. वाकून माझे पाय बघत होता, शाळेत मुलं गणित उतरवून घेतात तसा.

माथ्यावर पोचलो तोच म्हणाला, "थांबव."

मला वाटलं मळमळतंय. झटक्यात कडेला घेतली. "काय होतंय?"

"काही नाही. खाली चल. परत एकदा चढव."

"कशाला?"

"कशाला नाही. असंच."

एंजेला मागून म्हणाली, "पप्पा, दोनला माझी ड्यूटी आहे."

सासूबाईंनी शेंगांची पिशवी उघडली. "लई येळ हाय. जाऊ दे की खालवर. माझं कुटं काय अडलंय."

मी गाडी वळवली. खाली गेलो आणि पुन्हा वर आलो. या वेळी एलियाच गिअर सांगत होता. "आता दुसरा. आता येईल ती कुजबूज. आली?" आली म्हटलं. त्यालाही बसल्या जागी कळत होती. एका चढावर रांग नसताना मी मुद्दाम थांबले आणि निघाले, मागे न सरकता. तो मोठ्याने हसला. एंजेला घड्याळ बघायची थांबली होती.

बावीस वर्षांत हा घाट मी हजारो वेळा चढले असेन. दर वेळी कुणाला तरी कुठेतरी पोचवायला. आज पहिल्यांदा नुसता चढायचा म्हणून चढले, आणि माझ्या आयुष्यात यापेक्षा आनंदाची दुपार मला आठवत नाही.

मग तिसऱ्यांदाही खाली गेले. त्या वेळी मला कुणी सांगितलंही नव्हतं.